दुसऱ्या माणसाचं व्हय

एंटरची कळ दाबायच्या आधी अण्णा उजव्या हाताचं पहिलं बोट वर उचलून धरत. कळीपासून चार बोटं उंच. तसंच धरून पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचत, एकेक अक्षर सुटं करून. मग मान माझ्याकडे वळवून विचारत, "व्हय?" मी पडद्यावर बघून "व्हय" म्हटलं की बोट खाली यायचं. मी नाही म्हटलं, किंवा नुसती मान हलवली, तर बोट वरच. मान हलवलेली त्यांना चालत नसे. "मान काय, बैलबी हलवतंय," ते म्हणत. "तोंडानं सांग."

तोंडानं सांगणंच मला जमत नव्हतं, म्हणून तर मी तिथे पोचले होते. इंजिनिअरिंग झाल्यावर तीन मुलाखतींत मी गप्प बसून परत आले. उत्तरं येत होती. ती घशापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. बाबांच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, बेळगावच्या खडेबाजारात यल्लाप्पा म्हणून एक माणूस आहे, अण्णा म्हणतात त्याला, कॉम्प्युटरच्या डिस्कची कामं करतो, त्याला मदतीला कुणीतरी हवंय. गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही, असंही सांगितलं.

भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची खोली होती. बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. जिन्याखाली भांड्यांवर नावं घालणारा बसायचा, त्याची टकटक दिवसभर वर येत राहायची. खोलीत एक लांब टेबल, दोन खुर्च्या, पंखा, आणि भिंतभर उघड्या डिस्का. पाटीवर "हार्ड डिस्क" एवढीच अक्षरं उरली होती, पुढची उन्हानं उडून गेली होती.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला बसायलाही सांगितलं नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिलेली होती. तिच्याकडे बोट करून म्हणाले, "वाच."

मी वाचली.

"कुणाला सांगाय लागलीस, मुंगीला?"

मी पुन्हा वाचली.

"आता टेबलापतूर आलं. मला अजून न्हाय आलं."

तिसऱ्यांदा वाचली तेव्हा जिन्याखालची टकटक क्षणभर थांबली. निदान मला तसं वाटलं, आणि कान गरम झाले.

"आयतु," अण्णा म्हणाले. झालं, काम पक्कं, अशा अर्थाचं हे कानडी आयतु त्यांच्या प्रत्येक कामाच्या शेवटी यायचं. "उद्यापास्न ये."

ते खानापूर तालुक्यातले, कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीचे. तीस वर्षं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिपाई होते. लॅब उघडायची, झाडायची, मास्तर शिकवत असताना मागे भिंतीला टेकून उभं राहायचं. मागे उभं राहूनच ते शिकले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आज्ञा येत होत्या. एखाद्याला मंत्र येतात पण संस्कृत येत नाही, तसं. माऊस त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिला होता. "बोट दाखवून काम सांगायचं म्हंजे दुकानात पोरगं खेळणं मागतंय तसं," म्हणायचे. "काय पायजे ते शब्दात सांगावं."

त्यांचं मुख्य काम एका डिस्कवरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याचं. त्यासाठी डीडी नावाची एक आज्ञा आहे. ती डिस्क जशीच्या तशी उतरवते, रिकाम्या जागेसकट. कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं, एवढंच तिला सांगायचं असतं. उलटं सांगितलं तर ती उलटं करते. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवते, आणि भरलेली कोरी होते.

"बाकीचं प्रोग्राम बग," अण्णांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "फाइल पुसाय गेलं की इचारत्यात, खरंच पुसू काय? नक्की? डीडी न्हाय इचारत. मुकं जनावर हाय ते. हाकलशील तिकडं जातंय. म्हणून इचारणारं माणूस शेजारी पायजे."

"मी यायच्या आधी कोण होतं?" मी विचारलं. मी त्यांना आपणहून विचारलेले प्रश्न मोजके, त्यातला हा एक.

"खालच्या नावं घालणाऱ्याला वर बोलवायचो."

"त्यांना कळतं यातलं?"

"काय बी कळत न्हाय. पर त्येला मोठ्यानं वाचून दाखवताना माजं मला कळायचं. आता तू हैस. तुला कळतंयबी."

गिऱ्हाइकाची डिस्क हातात आली की ते आधी खणातली प्लास्टिकची डबी काढत आणि डिस्कला कुंकवाचं बोट लावत. कुंकू असलेली ती मूळची. "ह्यो देव. ह्येला नुसतं बगायचं. ह्येच्यावर लिवायचं न्हाय." नव्या डिस्कला काही नाही. एकदा टिळकवाडीतल्या एका वकिलांचा कारकून हसत म्हणाला, "काय अण्णा, आमच्या डिस्कचं लगीन लावताय काय?"

"लगीन तुमी लावून आणलाय, सायेब. मी नुसतं तिचं कुंकू राखतोय. ते गेलं की तुमीच रडत येशीला."

कारकून हसायचा थांबला. त्याचं काम झाल्यावर जाताना तो त्या डिस्कला चुकून नमस्कारही करून गेला.

कुंकू डिस्कवर असतं, पडद्यावर मात्र नसतं. पडद्यावर प्रत्येक डिस्कला यंत्र एक अक्षर देतं. ए म्हणजे यंत्राची स्वतःची, मग बी, मग सी. नवशिक्यांना वाटतं ही डिस्कांची नावं. "बसमधल्या शिटा हैत त्या," अण्णा सांगत. "आज खिडकीला तू बसलीस. उद्या बस परत सुटली की दुसरंच कोनतरी बसलेलं असतंय. म्हणून यंत्र बंद होऊन चालू झालं की पयल्यांदा यादी मागायची, आणि वाचायची. ध्येनात हाय म्हणायचं न्हाय. वाचायची."

हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. पुढचं सांगायच्या आधी एवढं सांगणं भाग आहे.

निपाणीहून एकदा एक माणूस आला. तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होता. डिस्क रुमालात गुंडाळून, छातीशी धरून आणलेली.

"काय केलासा?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाय ओ. नुसतं पार्टिशन जरा ल्हान केलो. मोबाइलवर बगून."

"ल्हान करताना आदी आतलं आवरून घेतलासा?"

"आतलं म्हंजे?"

अण्णा खुर्ची वळवून त्याच्यासमोर बसले. "शेत हाय तुमाला?"

"हाय की. दोन एकर."

"बांध आत घ्यायचा झाला तर काय करशीला? कडंचं पीक आदी काडून आत आणशीला, का पीक तसंच ठिवून बांध सरकवशीला?"

"पीक आदी काडणार की! न्हाय तर भाईर न्हाईल, भाऊबंद घिऊन जातील."

"मग हितं काय केलासा?"

माणूस हसला आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "गेलं काय ओ अण्णा?"

अण्णांचा नियम असा: डिस्कवरचा भाग, म्हणजे पार्टिशन, वाढवायचा तर आधी बांध सरकवा, मग पीक पसरू द्या. कमी करायचा तर आधी पीक आवरा, मग बांध. लॅबमधल्या मास्तरांनी हाच धडा फळ्यावर तासभर शिकवला होता आणि निम्म्या पोरांना कळला नव्हता, असं ते मिस्कीलपणे सांगत. निपाणीकरानं बांध आधी हलवला होता, पण बाहेर राहिलेल्या जागेवर अजून काही लिहिलं नव्हतं. "बांध जुन्या दगडावर परत न्हेला तर पीक उभंच असतंय. भावानं नांगर घातला नसला म्हंजे झालं." जुना दगड, म्हणजे तो भाग आधी जिथे संपत होता तो आकडा, शोधायला दोन तास लागले. मी लांबलचक आकडे वाचत होते, अण्णा टाइप करत होते. शेवटी आयतु झालं आणि तो माणूस पाया पडायला वाकला.

"माज्या न्हाय, हिच्या पड. आकडं हिनं वाचल्यात."

मी भिंतीकडे बघत राहिले. आकडे मला का वाचायला लावले, हे त्या दिवशी मला कळलं नाही. मला शिकवतायत असं वाटलं.

कळत गेलं ते नंतर, थोडं थोडं. कुंकवाचं बोट आधी टिकलीएवढं असायचं, ते रुपयाएवढं झालं. डिस्क उचलल्यावर अण्णा तिच्याकडे बघत नसत, अंगठ्यानं कुंकू चाचपत. जिना उतरताना ओठ हलत, पायऱ्या मोजत असावेत. चहा बिनसाखरेचा झाला. महिन्यातून एक दिवस ते दवाखान्यात जात, कुठल्या ते सांगत नसत, आणि दुसऱ्या दिवशी एक डोळा लाल घेऊन येत. एका दुपारी त्यांनी चहाचा ग्लास टेबलाच्या कडेबाहेर, हवेत ठेवला. तो फुटल्यावर म्हणाले, "टेबल कुणी सरकावलं?"

मी म्हटलं, "मी सरकवलं, अण्णा. झाडताना."

त्यानंतर आमच्यात न बोलता एक करार झाला. पडद्यावरची अक्षरं मी मोठी करून ठेवली. तीही पुरेनाशी झाल्यावर मी हळूच वाचायची, तेच ते मोठ्यानं म्हणायचे, बोट वर धरायचे, "व्हय?" विचारायचे, आणि मी "व्हय" म्हणायची. रीत तीच दिसत होती. पण आता वाचणारीही मीच होते आणि होकार देणारीही मीच. गिऱ्हाईक समोर असलं की मी आधीच कानाशी सांगून ठेवायची आणि ते पडद्याकडे बघून पाठ म्हणायचे. डोळेसुद्धा ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरवायचे. कुणाला संशय येत नसे. बेळगावात एकदा "अण्णाला दिसत न्हाय" एवढं सुटलं असतं, की जिन्याच्या बारा पायऱ्या पुन्हा कुणी चढलं नसतं. गावाकडे भावांच्या वाटणीनंतर त्यांचं काही उरलं नव्हतं. त्यांना ती एक खोली होती.

अशा दिवसांतच एकदा हेरेकर मिस आल्या. त्या मला शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. मला बघून दारातच थांबल्या.

"अनुजा ना तू? टेन्थ बी?"

"येस मिस."

"इथे असतेस?" मग अण्णांकडे वळून, "हिला सगळं येत असायचं हो. पण पूर्ण वर्षात हिनं हात वर केला नाही. मी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारायची, म्हणजे हिला माझी भीती वाटू नये. तरी नाहीच."

"आता बोलत्या की, बाई," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज सरळसरळ अभिमानाचा होता. "हिच्या व्हयबिगर हितं पान हालत न्हाय."

मिसनी पिशवीतून डिस्क काढली. तिच्यात बेडकांचे आवाज होते. कणकुंबीच्या जंगलात अठरा वर्षं जाऊन त्यांनी ते साठवले होते.

"कणकुंबीत कुठलं अंग?" अण्णांनी लगेच विचारलं.

"देवळाच्या वर ओढा आहे बघा, तिथलं बरंचसं."

"आवो, त्या वड्यात तर आमी वाढलोय! पर बेडकं ऐकाय कोन जातंय बाई? आमी तर गप्प बसा म्हणून दगडं मारायचो."

मिस मोठ्यानं हसल्या. "मी उलट करते. मीच गप्प बसते. माणसाचा आवाज आला की ते थांबतात, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये मी एक शब्द बोलत नाही. कुठली जात, कुठली जागा, कुठला दिवस, ते सगळं नंतर फाइलच्या नावात लिहिते. रेकॉर्डरचं घड्याळ मला कधी लावता आलं नाही, म्हणून फाइलीवरची तारीखही खरी नसते."

"वह्या असतील की."

"होत्या. वाळवी लागली. सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि वह्या टाकून दिल्या."

"दुसरी कॉपी?"

"नाही हो. ही भरली, आता मोठीवर घालायची आहे. दोनच्या बसनं पुन्हा कणकुंबीला जायचंय मला."

डिस्क चांगली होती. खरखर नाही, अडखळणं नाही. फक्त भरली होती. आजारी डिस्क आली की अण्णा आधी तिची प्रतिमा, म्हणजे सगळी डिस्क एका मोठ्या फाइलच्या रूपात, आमच्या मशीनवर उतरवून ठेवत आणि मगच पुढचं काम करत. त्या दिवशी म्हणाले, "हिला काय धाड भरलीया? सरळ नव्यावर उतरवू. मग बांध सरकवला की झालं. बाईंची बस चुकाय नगो."

कुंकू लावलं. दोन्ही डिस्का जोडल्या. यादी मागवली. मी चहाचे कप उचलायच्या निमित्तानं वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "बी जुनी, सी नवी." त्यांनी ओळ लिहिली. बोट वर जाणार, तेवढ्यात लाइट गेली.

आमची बॅटरी कधीच मेलेली होती. पंखा थांबला. मिस अण्णांना ओढ्याबद्दल काहीबाही विचारत राहिल्या, अण्णा खुशीत सांगत राहिले. दहा मिनिटांनी लाइट आली, यंत्र चालू झालं, पण माझा मोठ्या अक्षरांचा पडदा आला नाही. नुसता काळा पडदा, मुंगीएवढी पांढरी अक्षरं. मिसनी उत्सुकतेनं खुर्ची पुढे ओढली होती. ती आता नेमकी माझ्या आणि अण्णांच्या मधे होती.

अण्णांनी नियमाप्रमाणे पुन्हा यादी मागवली. पुढे वाकले. यादीत शिटा बदलल्या होत्या. आता बी नवी होती, मोठी, कोरी. सी जुनी. मला मिसच्या खांद्यावरून स्वच्छ दिसत होतं. अण्णांचे डोळे त्या ओळींवरून डावीकडून उजवीकडे फिरले आणि ते मोठ्यानं म्हणाले, "बी जुनी. सी नवी."

मग त्यांनी ओळ लिहिली. त्यांची बोटं कधीच चुकत नसत. बोट वर धरलं.

"कुठनं? बी. कुठं? सी. व्हय?"

त्यांनी मान वळवली. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या कानाच्या थोडं बाजूला बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. मग पडद्यावर काय आहे ते मला मिससमोर सांगावं लागलं असतं. मिसना कळलं असतं, की अठरा वर्षं ज्याच्या हातात दिली त्या माणसाला समोरचं दिसत नाही. मिस चांगल्या होत्या, पण मिस टिळकवाडीत राहत होत्या, आणि टिळकवाडीतूनच आमची निम्मी गिऱ्हाइकं येत होती. या सगळ्याचा विचार मी त्या एका क्षणात खरंच केला, की नंतर जुळवला, मला सांगता येत नाही. मिस बाहेर गेल्या की लगेच थांबवू, एवढं मात्र मनात आल्याचं आठवतं.

"व्हय," मी म्हटलं. नीट ऐकू जाईल असं.

बोट खाली आलं.

मिस जवळजवळ सात मिनिटं तिथेच बसल्या. पडद्यावर आकडा वाढत होता. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. "तास-दीड तास. खाली चा घिऊन या," अण्णा म्हणाले. त्यांची पावलं जिन्यावरून उतरली. बारावी पायरी वाजल्यावर मी म्हटलं, "अण्णा, थांबवा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आधी थांबवलं, मग विचारलं, "किती?"

"चाळीस जीबी."

"कुटलं कुटं गेलं?"

"बी नवी आहे, अण्णा. लाइट गेल्यावर बदललंय."

हात पुढे करून त्यांनी टेबलावरची जुनी डिस्क चाचपली. ती कोमट झाली होती. अंगठा कुंकवावर गेला आणि तिथेच थांबला. कुंकू जागच्या जागी होतं.

मिस वर आल्यावर ते उठून उभे राहिले. "बाई, माज्या हातनं तुमची डिस्क पुसली गेली. बोट माजं हुतं." माझं नाव नाही, लाइटचं नाव नाही, डोळ्यांचंही नाही.

मिस ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सगळी?"

"सगळी न्हाय. आवाज बरंच निगतील."

"आणि नावं?"

"नावांची यादी सुरवातीलाच असत्या, बाई. ती पयली गेली."

मिसनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते. त्यांना ती माझी सवय माहीत होती. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "दोनची बस गेली असेल."

उरलेल्या डिस्कमधून आवाज खरवडून काढायला नऊ दिवस लागले. ते काम मी केलं, अण्णा शेजारी बसून राहिले. हजारो फाइली निघाल्या. एक, दोन, तीन, चार असे नुसते क्रमांक. मिसनी येऊन पाच-सहा ऐकल्या. "हे बघ," त्या मलाच म्हणाल्या, शाळेत शिकवायच्या त्या आवाजात. "यातल्या कितीतरी जाती मला नुसत्या आवाजावरून वेगळ्या नाही करता येत. कुठल्या ओढ्यावर, कुठल्या महिन्यात, त्यावरूनच कळतं. नाव-गाव नसलेला नमुना म्हणजे बरणीतलं लोणचं." त्या हसल्या नाहीत. डिस्क घेऊन गेल्या.

त्या संध्याकाळी खालची टकटक थांबल्यावर अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला. त्यांनी तो नऊ दिवस धरून ठेवला असावा.

"तुला दिसलंतं?"

तोंडानं सांगायचं होतं. मी सांगितलं, "नाही, अण्णा. माझंही लक्ष चुकलं."

"व्हय?"

"व्हय."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. "माजा डोळा गेला हे मला ठावं हुतं गं. म्हटलं, तुजा हाय. दोन माणसं हैत, तवर चूक हुणार न्हाय. आता दोगांनी बगूनबी चुकतंय म्हटल्यावर, ही रीतच खोटी म्हणायची. तीस वर्सं मी लॅबमदल्या पोरास्नी खोटंच सांगत आलो."

रीत खोटी नव्हती. त्या दिवशीसुद्धा तिनं काम केलं होतं, शेजारी बसलेल्या माणसाला चूक दिसली होती. मी खरं सांगितलं असतं तर रीत खरी राहिली असती, खोटी फक्त मी ठरले असते. हे मला तेव्हाच कळत होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी खोली सोडली. डिस्का भंगारात दिल्या. कुंकवाची डबी जिन्याखालच्या नावं घालणाऱ्याला दिली. त्यानं ती घेतली, पण तिचं काय करायचं ते त्याला समजलं नाही, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

मला टिळकवाडीतल्या एका ऑफिसात काम मिळालं. दिवसभर पडद्यासमोर बसायचं, कुणाशी बोलावं लागत नाही. सहा-सात महिन्यांनी मिसचा फोन आला.

"तुझे अण्णा माझ्याकडे येतात, तुला माहितेय? रोज. रिक्षानं."

मला माहीत नव्हतं.

"म्हणाले, वरल्या ओढ्याचे आवाज मला कळतील, एकेक ऐकून जागा सांगतो, तुम्ही लिहून घ्या. मी नकोच म्हणत होते. पण ते व्हरांड्यात येऊन बसलेच. सुरुवातीला मी लिहिलं. मग मला अगदी पक्क्या माहीत असलेल्या दोन-चार फाइली मधेच लावून बघितल्या. चुकतं गं त्यांचं. सगळंच. दगड मारणाऱ्या मुलाला काय लक्षात राहणार? पण ते इतके ठामपणे सांगतात. त्यांना सांगू नकोस, मी आता लिहीत नाही. मी नुसती बसते. कधी कधी बसवतही नाही."

मी रविवारी गेले. जे सांगायचं होतं ते पाठ केलं होतं. अण्णा, मला दिसलं होतं. चारच शब्द. फाटकाशी उभी राहिले.

व्हरांड्यात टेबलावर मिसचा लॅपटॉप होता. अण्णा कानाला हेडफोन लावून बसले होते, पांढरा सदरा, दाढी वाढलेली, डोळे उघडे आणि समोरच्या भिंतीवर. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर वही होती, मिटलेली, वर पेन्सिल. आत कुठेतरी नळ चालू होता.

अण्णांनी एक फाइल शेवटपर्यंत ऐकली. मग पुढची फाइल लावायला उजव्या हाताचं पहिलं बोट वर उचललं. कळीपासून चार बोटं उंच.

"देवळाच्या वरलं अंग," ते मोठ्यानं म्हणाले, एकेक शब्द सुटा करून. "पानी कमी झाल्यालं. दिवाळीच्या आगंमागं." मग मान रिकाम्या खुर्चीकडे वळवली. "लिवलासा, बाई? व्हय?"

फाटकापासून ती खुर्ची दहा पावलांवर होती. माझ्या एका शब्दाचं काम होतं. तो घशापर्यंत आला.

त्यांनी वाट बघितली. बोट वरच होतं. आतला नळ बंद झाला, पुन्हा चालू झाला.

मग अण्णांनी मान सरळ केली, भिंतीकडे तोंड करून हलक्या आवाजात स्वतःच "व्हय" म्हणाले, आणि बोट खाली आणलं.